रक्त कुणाचं, कॅमेरा कुणाचा

अतिहिंसक भयपट आवडीनं बघणाऱ्या बाईकडे लोक जरा सांभाळूनच पाहतात. मला आता त्याची सवय झाली आहे. फिल्म सोसायटीत असे चित्रपट बघून आणि नंतर पार्किंगमध्ये उभ्याउभ्या वाद घालून, असा चित्रपट बायकांना आणि परक्या ठरवलेल्या माणसांना कसं वागवतो हे ओळखायचं जे तंत्र हाती लागलं, ते इथे मांडते. उदाहरणं बहुतेक फ्रान्सची, कारण या शतकाच्या पहिल्या दशकात या प्रकाराला खरा ऊत तिथेच आला होता.

१. डोकी मोजू नयेत. 'कॅनिबल होलोकॉस्ट' (१९८०) या इटालियन चित्रपटात ॲमेझॉनचे आदिवासी चिक्कार दिसतात. चित्रीकरण कोलंबियात, लेतिसियाच्या आसपास झालं. नाव मात्र लावलं दूर व्हेनेझुएला-ब्राझील सीमेवर राहणाऱ्या यानोमामींचं, तेही नरभक्षक म्हणून. कथेतल्या गोऱ्या चित्रपथकाच्या क्रौर्यावर ताशेरे ओढत चित्रपट स्वतः तोच धंदा करतो.

२. कोण मरतं आणि कशासाठी, ते बघावं. २००५ च्या ऑक्टोबरात पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वामध्ये पोलिसांना चुकवून वीज उपकेंद्रात लपलेली दोन मुलं विजेच्या धक्क्यानं गेली आणि स्थलांतरित कुटुंबांची गरीब उपनगरं पेटली. २००७ च्या दोन चित्रपटांत त्याची धग आहे. 'इनसाइड'मध्ये दंगलीत पकडलेल्या पोराला पोलीस बेडीसकट एका घरात घेऊन येतात. तिथे दोन बायकांचं जीवघेणं वैर चालू असतं आणि हा बिचारा त्यात हकनाक मरतो. तो नसता तरी कथेचं काही अडलं नसतं. 'फ्रंटियर्स'मध्ये झाविए जाँसनं मात्र उपनगरातल्या गरोदर यास्मीनलाच नायिका केलं. सीमेजवळच्या खानावळीतल्या नाझी कुटुंबाला तिच्याकडून आपला वंश वाढवून हवा असतो. 'इनसाइड' कितीतरी घट्ट बांधलेला आहे, 'फ्रंटियर्स' भडक आणि ढिसाळ. तरी मी 'फ्रंटियर्स'ची बाजू घेते. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांना शेवटी जिला हिणवायचं तिचीच कूस लागते, हे त्यानं ओळखलं.

३. नायिका असली की काम झालं, असं नाही. 'हाय टेन्शन'चा (२००३) शेवट सांगू नये म्हणतात, पण वीस वर्षं उलटून गेली: बाईवर प्रेम करणारी बाईच खुनी निघते. जुनाच किस्सा, फक्त रक्त ताजं.

४. कॅमेरा कुठे थांबतो आणि कुठून हलतो, यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा. 'इर्रिव्हर्सिबल'मध्ये (२००२) गास्पार नोए भुयारी रस्त्यातला बलात्कार न कापता, मिनिटामागून मिनिटं दाखवत राहतो. यातना टाळू नयेत हा त्याचा युक्तिवाद मला समजतो, पटत मात्र नाही. कोराली फार्जाच्या 'रिव्हेंज'मध्ये (२०१७) बलात्कार करणाऱ्याच्या मित्राला सगळं दिसतं, तो दार लावतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो. कॅमेरा त्याच्या मागे जातो. शेवटच्या पाठलागात नागडी, रक्तानं माखून धावते ती बाई नव्हे, तर तिचा प्रियकर! आमच्याकडे या प्रसंगाला हमखास हशा पिकतो, त्यात पुरुषांचा आवाज जरा बारीक असतो.

५. न बोललेलंही मोजावं. 'मार्टर्स'च्या (२००८) दोन नायिकांपैकी मोरजाना अलावी मोरोक्कोची, तर मिलेन जांपानोईचे वडील चिनी. कथा त्यावर बोट ठेवत नाही. पण मृत्यूपलीकडचं गुपित कळावं म्हणून तरुण मुलींचा छळ करणारी मंडळी श्रीमंत, म्हातारी आणि गोरी आहेत. ते दिसतं, आणि दिसल्यावर विसरता येत नाही.

६. कॅमेरा कुणाच्या हाती आहे, हेही बघावं. २०२१ मध्ये 'तितान'साठी ज्युलिया द्युकुर्नोला कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. १९९३ च्या जेन कॅम्पियननंतर हा मान मिळवणारी ती दुसरीच दिग्दर्शिका. बायकांच्या हाती कॅमेरा आला, पण यास्मीनच्या मोहल्ल्याला आणखी वाट पाहावी लागली. 'इन्फेस्टेड'मध्ये (२०२३) विषारी कोळी उपनगरातल्या एका जुन्या इमारतीत पसरतात, पोलीस ती इमारतच बंद करून टाकतात आणि आतले रहिवासी एकमेकांना सावरत बाहेर पडायची धडपड करतात. त्यात रक्त बेताचंच, त्यामुळे आमच्यातले कट्टर लोक त्याला या पंगतीत बसवायलाच तयार नाहीत. तो वाद अजून चालू आहे.