पंचांनी खेळाडूला आधी सावध करावे काय?

अहिल्यानगर येथील वाडिया पार्क मैदानावर २ फेब्रुवारी २०२५ रोजी सदुसष्टाव्या महाराष्ट्र केसरी कुस्ती स्पर्धेचा समारोप झाला. पुण्याचे पृथ्वीराज मोहोळ मानाच्या गदेचे मानकरी ठरले. परंतु त्या दिवसाची चर्चा गदेपेक्षा पंचांभोवतीच अधिक फिरली. गादी विभागातून अंतिम फेरीत कोण जाणार हे ठरविणाऱ्या लढतीत पंचांनी शिवराज राक्षे यांना चितपट घोषित केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. शब्दाने शब्द वाढत गेला, पंचांची कॉलर धरली गेली आणि त्यांना लाथही बसली. पुढे अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड यांनी गुणाच्या निर्णयास हरकत घेऊन वेळ शिल्लक असतानाच गादी सोडली. या दोन्ही मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई करण्यात आली. मल्लाच्या उमेदीच्या काळातील तीन वर्षे ही काही लहान गोष्ट नव्हे.

असा प्रसंग घडला की शिक्षा किती असावी, यावर बोलणारे पुष्कळ भेटतात. तिच्या अगोदरचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. खेळाडू नियमभंगाच्या काठावर उभा असताना पंचाने त्याला सावध करावे, की त्याचे पाऊल घसरेपर्यंत थांबून मग शिट्टी फुंकावी? ज्या जिल्ह्यात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव कुस्त्यांचा हगामा भरतो आणि शालेय स्पर्धांत शिक्षकांनाच पंचाचे काम करावे लागते, तेथे हा प्रश्न केवळ मोठ्या स्पर्धांपुरता उरत नाही.

पंच हा न्यायाधीश आहे, नियम माहीत असणे ही खेळाडूची जबाबदारी आहे आणि एकाला सावध करणे म्हणजे दुसऱ्याचा हक्काचा गुण बुडविणे होय, असा एक पक्ष मांडला जातो. वरकरणी तो बिनतोड वाटतो. परंतु खुद्द खेळांची नियमपुस्तके उघडून पाहिली म्हणजे वेगळेच चित्र दिसते.

कुस्तीचेच उदाहरण घ्यावे. गादीवरील लढतीचे वर्तुळ नऊ मीटर व्यासाचे असते आणि त्याच्या आतल्या कडेने एक मीटर रुंदीचा रंगीत पट्टा आखलेला असतो. मल्ल या पट्ट्यात शिरताच पंचाने मोठ्याने ‘झोन’ असे म्हणावयाचे असते. रेषेबाहेर पाऊल गेल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण मिळतो, म्हणून ही आगाऊ सूचना. ती कोणा एकाच्या नावाने दिली जात नाही, दोघांच्याही कानांवर एकदमच पडते. मुक्त शैलीत अंगचोरी करणाऱ्या मल्लाबाबतही हाच क्रम आहे. प्रथम त्याला तोंडी समज दिली जाते. पुन्हा तसेच घडले तर तीस सेकंदांचा अवधी लावला जातो आणि त्या अवधीत कोणीच गुण घेतला नाही तर प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण जमा होतो. आमच्या लाल मातीच्या आखाड्यात गुण नाहीत, घड्याळही बहुधा नाही. तरी रेंगाळणाऱ्या जोडीभोवती फिरणारा पंच कुस्ती करण्यास बजावतोच. ती न ऐकणाऱ्यांची जोड सोडवून टाकली जाते आणि इनामाला मुकावे लागते.

खोखोमध्ये तर चूक दुरुस्त करून घेणे हेच पंचाचे काम आहे. आक्रमकाने फाउल केला की शिट्टी वाजते आणि त्याला उलट दिशेने जावे लागते. तोपर्यंत त्याने गडी टिपला तरी तो बाद धरला जात नाही. येथे शिट्टी ही शिक्षा आणि शिकवण दोन्ही ठरते. शाळेतील मुलांना नियम पुस्तकातून थोडेच कळतात, पुष्कळसे अशा शिट्ट्यांतूनच कळतात.

यापेक्षाही रेखीव व्यवस्था चालण्याच्या शर्यतीत आढळते. या शर्यतीत डोळ्यांना दिसेल इतके दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटता कामा नयेत आणि पुढचा पाय टेकल्यापासून शरीर त्यावर सरळ येईपर्यंत गुडघा वाकता कामा नये. चालणाऱ्याची चाल संशयास्पद वाटू लागली की पंच त्याला पिवळी फळी दाखवितो. त्याचा कोणता दोष घडू पाहत आहे त्याचे चिन्हही त्या फळीवर असते. या फळीची गणना शिक्षेत होत नाही, परंतु एकच पंच त्याच दोषासाठी ती दुसऱ्यांदा दाखवू शकत नाही. नंतर येते ते लाल कार्ड. सावध करणे आणि शिक्षा करणे या दोन गोष्टी इतक्या स्वच्छपणे वेगळ्या ठेवणारा नियम क्वचितच सापडेल.

सूचना न दिल्याने काय होते, याचे उदाहरण क्रिकेटने पुरविले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिस्बेन येथील कसोटीत बेन स्टोक्स याने डेव्हिड वॉर्नरचा त्रिफळा उडविला, पण तो चेंडू नो-बॉल निघाला. नंतर चित्रफीत पाहता त्याआधीचे तीनही चेंडू नो-बॉलच असल्याचे आढळून आले. ते वेळीच पुकारले गेले असते तर स्टोक्सने आपली धाव मागे घेतली असती आणि कदाचित तो बळी त्याच्या पदरात पडला असता. पंचांचे मौन येथे गोलंदाजालाच महाग पडले.

मग प्रत्येक ठिकाणी आधी ताकीद द्यावी काय? तसे म्हणणेही धाडसाचे होईल. धावण्याच्या शर्यतीत २००३ ते २००९ या काळात पहिली चुकीची सुरुवात सर्वांना मिळून माफ असे आणि पुढची चूक करणारा, मग तो कोणीही असो, बाद होई. ही माफी म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची एकाग्रता मोडण्याचे हत्यार बनते, अशी टीका होऊ लागली. २०१० पासून पहिल्याच चुकीला स्पर्धकास बाद करण्याचा नियम आला. २०११ मध्ये दैगू येथील जागतिक स्पर्धेत शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत उसेन बोल्टसारखा धावपटू याच नियमाखाली बाद झाला. तात्पर्य, घडून गेलेल्या नियमभंगाला ‘ताकीद’ म्हणत सोडून देणे ही सवलत होय. नियमभंग घडू नये म्हणून आधी आवाज देणे ही दक्षता होय. पहिलीचा गैरफायदा घेता येतो, दुसरीचा घेणे कठीण. वादात बहुधा या दोहोंची गल्लत होते.

काही कृत्यांना तर सूचनेची पायरीच नसावी. मान वा सांधा मुरगळणे, ठोसा मारणे, पंचाच्या अंगावर हात टाकणे यांना ‘पहिली वेळ’ म्हणून सूट देणारा पंच दुसऱ्या खेळाडूच्या जिवाशी खेळतो. तसेच सूचना नियमापुरतीच हवी. ‘पट्ट्यात आला आहेस’ हे पंचाने सांगावे, ‘उजवीकडून पट काढ’ हे सांगणे वस्तादाचे काम आहे.

वाडिया पार्कवरील प्रसंगाकडे या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. खांदे टेकले की नाही, हा वाद कोणत्याही आगाऊ सूचनेने टळला नसता. तो क्षणार्धाचा निवाडा होता. सावध करण्यास जागा होती ती निर्णयानंतर काय करावयाचे, या बाबतीत. हरकत कोणी, कोणाकडे आणि किती वेळात नोंदवावयाची आणि गादी सोडल्यास काय परिणाम होतो, हे प्रत्येक महत्त्वाच्या लढतीपूर्वी मल्ल आणि त्याचा मार्गदर्शक यांना समोरासमोर सांगण्यास दोन मिनिटे पुरतात. संतापाच्या भरात हे आठवेलच असे नाही. पण ज्याला हरकतीचा रस्ताच ठाऊक नाही, त्याच्यापुढे संतापावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

गावच्या हगाम्यात आणि शाळेच्या मैदानावर हे अधिक सोपे आहे. खेळाआधी दोन्ही कर्णधारांना एकत्र बोलावून, एकाला कानात नव्हे तर दोघांनाही ऐकू जाईल असे, आज कोणत्या गोष्टीला शिट्टी वाजेल ते शिक्षकाने सांगावे. एखाद्या मुलाला खेळताना दिलेली समज गुणलेखकाने कागदावर टिपून ठेवावी, म्हणजे दुसऱ्या खेपेस शिक्षा करताना ‘आधी का नाही सांगितले’ असा कालवा होत नाही. यात्रा समितीने पंचांची नावे हलगी वाजण्यापूर्वीच ध्वनिक्षेपकावरून जाहीर करावीत आणि जोडी लावतानाच बरोबरी, वेळ व इनाम यांच्या अटी सांगाव्यात. पुष्कळ गावांत जाणते वस्ताद हे आजही करतात. जेथे नवी मंडळी समितीवर आली आहेत, तेथे यंदाच्या यात्रेच्या बैठकीत हा विषय घेता येईल.