‘येते हं’ म्हणू नकोस

अगं मने, काल रात्री फोनवर तू रडत होतीस आणि मी नुसतं हूं हूं करत राहिले. मागे तुझा कुत्रा चिकू कोकलत होता, तुझ्या नवऱ्याचाही आवाज चढलेला होता. त्या गलक्यात शहाणपण सांगून काय उपयोग? आता निवांत बोलू. चहा घेऊन बस.

चिकूच्या भुंकण्यावरून सोसायटीचं जे पत्र आलंय, त्याचं आधी उरकून टाकू. कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, त्याला लिफ्टमध्ये घेऊ नका असंही सांगता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आलेलं आहे. पण तो कागद दाखवून शेजारच्या काकूंची दुपारची झोप परत मिळणार नाहीये. तेव्हा कागद घडी घालून ठेव आणि आजच काकूंकडे जाऊन ये. भांडायला नाही. त्यांना सांग, ‘मी यावर काम करतेय, वेळ लागेल. तो कधी सुरू होतो आणि कधी थांबतो तेवढं मला कळवाल का?’ तक्रार करणाऱ्या माणसाला कामाला लावलं की निम्मी तक्रार उतरते. शिवाय त्यांच्याकडून मिळणारी वेळ तुझ्या उपयोगाची आहे.

आता माझा गाढवपणा ऐक. बंड्या आठवतो ना? मुळशीच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीमागे भर पावसात सापडलेला गावठी. वर्षाचा झाला आणि मी ऑफिसला निघाले की घर डोक्यावर घ्यायला लागला. जो तो मला एकच सांगायचा, ‘दमव त्याला, झोपेल.’ मी रोज पहाटे साडेपाचला त्याला घेऊन वेताळ टेकडी चढायला लागले. वर चढायचं, पळायचं, चेंडू फेकायचा, पळत खाली यायचं. दोन महिन्यांत माझे गुडघे बोलायला लागले आणि बंड्याचा पैलवान झाला. आधी तो अर्ध्या तासात भुंकून दमायचा, आता तास तास भुंकायची ताकद आली. मी स्वतःच्या पैशांनी आणि घामानं त्याला तालीम दिली होती गं!

मग एकदा कपाटातला जुना फोन काढला, पुस्तकांना टेकवून दाराकडे तोंड करून ठेवला, रेकॉर्डिंग लावलं आणि गेले. संध्याकाळी पाहिलं. निघताना मी काय करत होते ते त्यात आधी दिसलं. गुडघ्यावर बसून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून, ‘येते हं बंडू, शहाण्यासारखा राहा हं, रडायचं नाही हं.’ जणू विलायतेला निघाले होते. मग दार लागलं. लिफ्टचा खडखडाट झाला तसे त्याचे कान उभे राहिले. तो चपलांच्या स्टँडपाशी गेला, माझी घरातली एक चप्पल उचलली, उंबऱ्याशी आणली आणि तिच्यावर हनुवटी ठेवून पडला. चावत नव्हता, नुसता पडला होता. चार मिनिटांनी उठला आणि सुरू झाला. फरशीवर लाळेचं थारोळं. जाताना ठेवलेला चिकनचा तुकडा तिथेच पडलेला. आणि अगं, आदल्याच संध्याकाळी मी त्याला त्या चपलेवरूनच ओरडले होते. मला वाटलं होतं, मी गेल्याचा राग काढतो.

म्हणून पहिलं काम हे कर, एक दिवस रेकॉर्डिंग. भुंकणं ऐकायला सारखंच वाटतं, पण ते एका जातीचं नसतं. काही कुत्री कंटाळून भुंकतात. तास-दोन तास बरे जातात, मग उशी फाडतात, मध्येच झोपतात, पुन्हा उठतात. काही राखणदारी करतात. लिफ्ट वाजली, खाली कचऱ्याची गाडी आली, गॅलरीत कबुतर बसलं की तेवढ्यापुरतं भुंकायचं. आणि काहींची मात्र घाबरगुंडी उडते. ती आपण गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतात, दारापाशीच घुटमळतात, चौकट ओरबाडतात, घरात मुततात. खाणं हीच यातली खूण. कंटाळलेला कुत्रा तू ठेवलेला खाऊ पाच मिनिटांत फस्त करतो. घाबरलेला त्याला तोंड लावत नाही, आणि तू घरात पाऊल टाकलंस की मग गपागपा खातो.

राखणदारीचा उपाय सोपा आहे. गॅलरीचं दार नि पडदा बंद, पंखा मोठा, बेल काढून ठेव, पार्सलवाल्यांना वॉचमनकडे ठेवायला सांग. पण एकूण वर्णनावरून तुझा चिकू मला घाबरणाऱ्यातला वाटतो. तसं असेल तर पुढचं नीट ऐक.

आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. आजी किती ओरडायची, ‘येते म्हणावं!’ आपल्या दृष्टीनं त्या शब्दात परत येण्याचं आश्वासन असतं. कुत्र्याला मात्र ‘येते’चा अर्थ बरोबर उलटा कळतो. ‘येते’ म्हणाली म्हणजे ही गेली. त्या आधी किल्ल्यांचा आवाज, त्या आधी ओढणीची पिन, डबा भरणं, गॅस बंद केल्याची खात्री करणं. ही सगळी माळ त्याला पाठ असते. तू उंबरा ओलांडेपर्यंत तो वीस मिनिटं आधीच घाबरून बसलेला असतो.

ती माळ तोडायची. दिवसातून दहादा किल्ल्या उचल आणि लसूण सोलत बस. पर्स खांद्याला लाव आणि टीव्ही बघ. बाहेरच्या चपला घालून भांडी विसळ, आईला सांगू नकोस. तो पहिल्यांदा धावत येईल, चौथ्यांदा मान उचलेल, पंधराव्यांदा बघणारही नाही. मग दार. उघड, लाव, जाऊ नकोस. मग बाहेर जा, पाच आकडे मोज, आत ये आणि काहीच झालं नाही असं वाग. पाचाचे दहा, दहाचं मिनिट, मग खाली जाऊन पत्रपेटी बघून ये. नियम एवढाच, तो सुरू व्हायच्या आत तू परत आलेली असायला हवीस. रडायला लागेपर्यंत थांबलीस तर त्यानं घाबरण्याचाच सराव केला. आणि दर वेळी वाढवतच नेऊ नकोस. चार मिनिटांनंतर अर्ध्या मिनिटाची फेरी मार, नाहीतर प्रत्येक खेपेला जास्त वेळ जाते हा हिशेबही तो मांडतो.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. हे चालू असताना त्याला सोसवेल त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचं नाही. सकाळी पाच मिनिटांचा सराव आणि दुपारी आठ तास एकटा, असं केलंस तर सगळं पाण्यात. म्हणजे काही आठवडे माणसं जुळवावी लागतील. सासूबाई दुपारी येऊ शकतील का? कामाच्या मावशींना दोन तास जास्त बसायचे पैसे दे, नवऱ्याला आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागू दे. त्यालाही सांग, बीगल आणायची हौस त्याचीच होती. लोक त्या कार्टूनमधला स्नूपी खोपटाच्या छपरावर शांत उताणा पडलेला बघतात आणि बीगल आणतात. खरा बीगल इंग्लंडात सशांच्या मागावर कळपानं सोडायला तयार केलेला कुत्रा. वास लागला की मागच्या शिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून गळा काढायचा, हेच त्याचं काम. कळपातलं जनावर तुमच्या ठाण्याच्या वन बीएचकेत एकटं पडतं आणि लोकांना कळतील असे हेल काढतं. तो त्याच्या परीनं नोकरीच करतोय.

मग या नाकालाच काम दे. सकाळच्या फेरीत त्याला ओढत चाळीस मिनिटं चालवण्यापेक्षा सैल पट्ट्यावर पंचवीस मिनिटं हुंगू दे. एका खांबाशी तीन मिनिटं थांबला तर थांबू दे, तू मोबाइल बघ. हुंगून आलेला कुत्रा जसा पसरतो तसा पळून आलेला पसरत नाही. पळून आलेल्याचं अंग दमतं, डोकं तापलेलंच असतं. घरी आल्यावर जेवण वाटीत देऊ नकोस. जुना टॉवेल पसर, त्यावर खाणं भुरभुर, गुंडाळी कर आणि दे. रिकामी खोकी एकात एक घालून दे, फाडू दे. कचरा होतो, पण झाडू मारायला पाच मिनिटं लागतात.

पोकळ रबरी खेळणं मिळतं ना, काँग म्हणतात ते? अमेरिकेतल्या जो मार्कहॅम नावाच्या माणसाला १९७० च्या दशकात ते सुचलं. त्याचा जर्मन शेफर्ड दगड चावायचा आणि फोक्सवॅगन गाडीच्या रबरी भागावर त्याचा जीव जडला. त्या खेळण्यात घट्ट दही, उकडलेला लाल भोपळा, थोडी कुस्करलेली भाकरी भर आणि रात्री फ्रीझरमध्ये टाक. चाटणं आणि चघळणं कुत्र्याला शांत करतं. मनुका, कांदा, चॉकलेट चुकूनही नको. पीनट बटर घेतलंस तर साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल नाही ना ते डब्यावर वाच, ते कुत्र्याला विष असतं. आणि हे खेळणं फक्त निघतानाच देऊ नकोस. तू घरात असतानाही दे, नाहीतर भोपळा दिसला की त्याच्या पोटात गोळा यायचा.

सगळ्यात जास्त फळ मिळालं ते एका चटईमुळे. आपण पळण्याचं, उडी मारण्याचं, पंजा देण्याचं कौतुक करतो. तो गप्प पडलेला असतो तेव्हा मात्र कुणाचं लक्ष नसतं, उलट ‘झोपलाय, उठवू नका’ म्हणत चवड्यांवर चालतो. मी स्वयंपाकघराच्या दाराशी एक जुनी चटई टाकली. बंड्या तिच्यावर आपणहून बसला की काही न बोलता खाण्याचा एक दाणा. आडवा पडला की दोन. हनुवटी टेकली की तीन, हळूच पंजांच्या मधोमध ठेवायचे, फेकायचे नाहीत. पोळ्या लाटता लाटता होतं हे. तीन आठवड्यांत कणकेचा डबा उघडला की तो चटईवर जाऊन आडवा व्हायला लागला. मग मी पोळी तव्यावर टाकून बेडरूमपर्यंत जाऊन यायला लागले, मग दार अर्धं लावून. एके दिवशी परत आले तर झोपलेला होता, नुसती शेपटी एकदा आपटली. मी तिथेच उभी राहून रडले, पोळी जळाली.

तुझ्या दुकानदारानं सांगितलेला झटका देणारा पट्टा मात्र घेऊ नकोस. वेल्समध्ये २०१० पासून त्याला बंदी आहे. घाबरलेल्याला भुंकल्याबद्दल झटका दिला तर भीती तेवढीच राहते, फक्त आवाज बंद होतो. पिंजऱ्यातही कोंडू नकोस, घाबरलेली कुत्री दात नि नखं मोडून घेतात. सोबतीला दुसरा कुत्रा हा तर विनोदच झाला. त्याला तू हवी आहेस, आणि तुझ्याकडे भुंकणारे दोन होतील.

महिनाभर नेटानं करूनही तो दाराशी लाळ गाळत असेल तर डॉक्टरांशी औषधाचं बोल. फ्लुऑक्सेटिन, क्लोमिप्रॅमिन ही औषधं कुत्र्यांना या भीतीसाठी देतात. परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. चष्मा लागला तर लावतोच ना आपण? फक्त मापानं, डॉक्टरांच्या हातानं. घरातल्या कुणाची गोळी अर्धी करून नाही.

येत्या रविवारी मी ठाण्याला येते. बंड्याचं ते रबरी खेळणं अजून आहे माझ्याकडे, एका बाजूनं चावलेलं, ते घेऊन येईन. तोवर रेकॉर्डिंग करून ठेव, दोघी बसून बघू. आणि बेल वाजवणार नाही मी. खाली आले की मिस्ड कॉल देईन, तू गुपचूप दार उघड.