फॉरवर्ड घडते ती सामन्यांतून

कोल्हापुरात फुटबॉल पेठेपेठेत भिनलेला आहे. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की दुपारपासूनच गर्दी सुरू होते. याच शहरात मी फॉरवर्ड म्हणून खेळले, राज्याच्या संघापर्यंत गेले आणि आता मुलींना शिकवते. दर हंगामात नव्यानं आलेली एखादी मुलगी हमखास विचारते, "ताई, मला स्ट्रायकरच व्हायचंय. काय करू?" मैदानावर तुकड्यातुकड्यांनी दिलेली उत्तरं इथं एकत्र मांडते आहे. मुलींसाठी आहेत, तशीच त्यांच्या घरच्यांसाठी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांसाठीही.

१. बॉल येण्याआधी मान वळवा.

नव्वद मिनिटांत फॉरवर्डच्या पायात बॉल फार तर दोन-तीन मिनिटं असतो. उरलेला सगळा वेळ ती जागा शोधत असते, आणि तिची खरी पारख तिथंच होते. आमच्याकडे यासाठी एक सराव आहे. मुलगी गोलकडे पाठ करून उभी राहते, समोरून तिला पास येतो आणि मी तिच्या मागे उभी राहून हाताची बोटं वर करते. पास सुटण्याआधी तिनं मान वळवून किती बोटं ते ओरडून सांगायचं. सुरुवातीला मुलींची नजर बॉलवरून हलत नाही. काही आठवड्यांनी मान आपसूक वळू लागते. मग डिफेन्डर पाठीला चिकटली आहे की चार पावलं लांब आहे, हे बॉल येण्याआधीच ठाऊक असतं. चिकटली असेल तर एका टचमध्ये परत द्यायचा, लांब असेल तर वळून सुटायचं. लांबून बघणाऱ्याला हा वेग पायांतला वाटतो, पण त्याची सुरुवात मानेपासून होते.

२. पहिली धाव डिफेन्डरसाठी, दुसरी आपल्यासाठी.

क्रॉस येणार असं दिसलं की नवखी मुलगी सरळ गोलकडे पळते आणि तिची डिफेन्डरही तिच्याबरोबर पळते. आधी लांबच्या खांबाकडे दोन-तीन पावलं टाका, डिफेन्डरला तिकडे ओढा आणि मग झटक्यात जवळच्या खांबाकडे वळा. मधे जेमतेम हातभर जागा मिळते, पण फॉरवर्डला तेवढी पुरते. ही दुसरी धाव दहा वेळा घेतली तर नऊ वेळा बॉल येणार नाही. तरीही दहाव्यांदा ती तितक्याच जोरात घ्यायची.

दहाव्यांदाही तयार असणं म्हणजे काय, ते बघा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्राझीलमधल्या मनाउस शहरात भारतीय महिला संघ ब्राझीलविरुद्ध खेळला. पहिल्याच मिनिटाला भारतावर गोल झाला होता. आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणनं प्रतिहल्ल्यात बरोबरी साधली. सामना आपण ६-१ नं हरलो, पण ब्राझीलसारख्या संघासमोर मिळालेली संधी साधायला मनीषा तयार होती. पुढे सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून ती युएफा महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. तिथं खेळणारी ती पहिली भारतीय.

३. हुकलेला गोल तिथंच सोडा.

चांगली फॉरवर्डसुद्धा जेवढ्या संधी साधते त्याहून जास्त दवडते. डोक्याला हात लावून उभं राहिलात तर समोरची टीम तेवढ्यात अर्ध्या मैदानापर्यंत पोचते. शॉट बाहेर गेला की लगेच पहिल्या डिफेन्डरवर दबाव टाका. पुढची संधी बहुतेक वेळा अशीच मिळते.

संधीची किंमत मात्र विसरायची नाही. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिला आशियाई चषक आपल्याकडे, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणविरुद्धचा पहिला सामना ०-० असा सुटला. भारताला संधी मिळाल्या होत्या, गोल झाला नाही. त्यानंतर संघात कोविड पसरला आणि भारताला घरच्याच स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. पुढचा सामना कुणी आपल्या नावानं राखून ठेवलेला नसतो.

४. मुलांबरोबर खेळा, पण मुलींची स्पर्धाही मागा.

विश्वचषकात सर्वाधिक, म्हणजे १७ गोल करणारी ब्राझीलची मार्ता लहानपणी मुलांमध्येच खेळली. मीही गल्लीत मुलांबरोबर खेळूनच शिकले. मुलांच्यात खेळल्यानं बॉल लवकर सोडायची सवय लागते आणि धक्क्याची भीती जाते. पण तिथं मुलीला बहुतेक वेळा विंगला नाही तर मागे उभं करतात. संघाची नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जबाबदारी अंगावर घेणं, शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांनी आपल्याकडे बघणं, हे मुलींच्या संघातच वाट्याला येतं. दोन्ही हवं.

५. उशीर झाला असं कुणी म्हटलं तर बाला देवीचं नाव सांगा.

मणिपूरच्या विष्णुपूर जिल्ह्यातली ङांगोम बाला देवी. जन्म फेब्रुवारी १९९०. पंधराव्या वर्षी ती भारताकडून खेळू लागली. तेव्हा देशात महिलांची राष्ट्रीय लीगच नव्हती. इंडियन विमेन्स लीगचा पहिला मोसम २०१६-१७ चा. म्हणजे तिच्या उमेदीची दहा-बारा वर्षं राष्ट्रीय स्पर्धा आणि अधूनमधून येणारे आंतरराष्ट्रीय सामने एवढ्यावर गेली. पोटासाठी मणिपूर पोलिसांतली नोकरी होती. लीग सुरू झाल्यावर तिनं काय केलं ते बघा: २०१८-१९ च्या मोसमात पोलीस संघाकडून २६ गोल.

जानेवारी २०२० मध्ये, तिसावं पूर्ण व्हायला काही दिवस उरले असताना, ग्लासगोच्या रेंजर्सनं तिला दहा नंबरची जर्सी दिली. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरून तिनं तिथला पहिला गोल केला.

मुलींना मी ही गोष्ट चिकाटीसाठी सांगते. मोठ्यांना सांगताना मात्र दुसरी बाजू पुढे ठेवते. पंधराव्या वर्षी दिसलेल्या गुणाला पूर्ण वेळचा फुटबॉल मिळायला पंधरा वर्षं लागली. विसाव्या वर्षी तिला दर आठवड्याला एक चांगला सामना मिळाला असता, तर ती कुठवर गेली असती? या प्रश्नानं मला आजही चैन पडत नाही.

६. गुडघा सांभाळा, वॉर्म-अप टाळू नका.

फॉरवर्डचं काम म्हणजे पळता पळता थांबणं, वळणं, उडी मारून एका पायावर उतरणं. गुडघ्यातला एसीएल नावाचा लिगामेंट नेमका अशा वेळी तुटतो, आणि मुलींमध्ये तो मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो. पहिला महिला बॅलन डी'ओर जिंकणारी नॉर्वेची आडा हेगरबर्ग जानेवारी २०२० मध्ये याच दुखापतीनं पडली आणि दीड वर्षाहून जास्त काळ बाहेर राहिली. बाला देवीलाही रेंजर्समध्ये असतानाच ही दुखापत झाली. पण २०२४ च्या सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेत ती पुन्हा भारतासाठी गोल करत होती.

फिफानं तयार केलेला '११+' हा वीसेक मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात धावणं, तोल सांभाळणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आणि उडीनंतर नीट उतरणं हे सगळं येतं. त्याला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. उतरताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, एवढी एकच गोष्ट मी रोज बघते.

७. कागद वाचा, पोटाची सोय बघा.

"मॅडम, पोरगी खेळत्या चांगली, पण ह्यात पुढं काय हाय?" असं एका खेळाडूच्या आईनं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. पोलीस आणि रेल्वेत खेळाडूंची भरती होते, त्यासाठी प्रमाणपत्रं जपून ठेवायची. दहावी-बारावी सोडायची नाही. क्लबच्या करारावर सही करण्याआधी पगार, राहण्याची सोय आणि दुखापतीचा खर्च कोण करणार, हे वाचायचं. समजलं नाही तर विचारायचं.

लग्न झालं, मूल झालं की खेळ संपला, असं समजणाऱ्यांना अमेरिकेची अ‍ॅलेक्स मॉर्गन दाखवते. मे २०२० मध्ये ती आई झाली आणि २०२२ मध्ये अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक, १५ गोल तिचेच होते. फिफाच्या नियमानुसार २०२१ पासून व्यावसायिक खेळाडूला किमान १४ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते. हा हक्क आहे आणि तो प्रत्येक मुलीला माहीत असला पाहिजे.

८. सामने द्या.

सरावात शंभर शॉट मारता येतात, पण दमलेल्या पायांनी, ८५ व्या मिनिटाला, गोलकीपर अंगावर धावून येत असताना काय करायचं हे सामन्यातच कळतं. आमच्या मुलींना वर्षात मोजके सामने मिळतात, त्यांच्याच वयाच्या मुलांना किती तरी जास्त. इंडियन विमेन्स लीग २०२३-२४ च्या मोसमात सात संघांची, घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवर खेळली जाणारी खरी लीग झाली, हे चांगलं पाऊल होतं. पण शिडीच्या खालच्या पायऱ्या गावात आणि जिल्ह्यातच बसवाव्या लागतात.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक मंडळाला माझं एकच मागणं आहे: पुढच्या मोसमात मुलींचा एक गट ठेवा. चार संघ आले तरी चालतील. पहिल्या वर्षी सामने रंगले नाहीत तरी दुसऱ्या वर्षी पुन्हा ठेवा. संघ आणायची जबाबदारी आम्ही शिकवणाऱ्यांनी घ्यायची, मैदान आणि तारीख तुम्ही द्या.