शीतगृहातील यंत्राचा लगाम

शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील गाव. तेथील जैन मंदिरामुळे त्याचे नाव दूरवर माहीत आहे. शेजारच्या वसमत तालुक्यात पूर्णा प्रकल्पाच्या सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्यांतून खेळते आणि त्या पाण्यावर केळीच्या बागा उभ्या आहेत. पलीकडे नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर तर केळीसाठीच प्रसिद्ध. मुलांनो, या भागात वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा उन्हात कापलेला केळीचा घड किती दिवस टिकेल?

घड झाडावरून उतरला म्हणजे निर्जीव झाला, असे नव्हे. कच्चे केळे श्वसन करीतच असते आणि त्या श्वसनातून उष्णता बाहेर पडते. ढीग करून ठेवलेली केळी त्यामुळे आतून तापतात व बाजार गाठण्यापूर्वीच पिकू लागतात. म्हणून दूर पाठवावयाचा माल थंड जागेत ठेवावा लागतो. परंतु केळे हे मोठे हळवे फळ आहे. सफरचंद ० अंशाच्या जवळपासही सुखाने राहते; केळ्याला मात्र १३ अंशांखालचा गारवा सोसत नाही. त्याची साल राखी, काळपट होते आणि पुढे ते नीट पिकतही नाही. शेतकऱ्याचे जवळजवळ वर्षभराचे कष्ट अशा एक-दोन अंशांच्या अरुंद वाटेवरून चालत असतात. ती वाट सांभाळण्याचे काम शीतगृहातील यंत्राकडे असते.

या यंत्राचे तत्त्व तुमच्या घरातील माठाने तुम्हांस केव्हाच शिकविले आहे. माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. शीतगृहात पाण्याऐवजी फार कमी तापमानाला उकळणारा द्रव वापरतात. मोठ्या शीतगृहांत तो बहुधा अमोनिया असतो. नेहमीच्या हवेच्या दाबाखाली अमोनिया उणे ३३ अंशांनाच उकळतो. खोलीतील नळ्यांत हा द्रव उकळतो आणि फळांची उष्णता शोषून घेतो. माठातील वाफ हवेत निघून जाते. येथील वाफ मात्र वाया दवडून चालत नाही. तिला ओढून घेऊन दाबणारे जे यंत्र, त्यास कॉम्प्रेसर अथवा संपीडक म्हणतात. दाबलेली वाफ तापते, बाहेरच्या नळ्यांत आपली उष्णता टाकून पुन्हा द्रव होते आणि एका अरुंद झडपेतून खोलीत परतते. असे हे चक्र अखंड चालते.

अखंड चालते असे म्हटले खरे, पण ते तसे चालू देणे हाच घात आहे! संपीडकाला स्वतःला काहीच कळत नाही. त्याला मोकळे सोडले, तर १३ अंश ओलांडून तो खोली गारठवीत राहील. म्हणून त्याला लगाम लागतो. हा पहिला लगाम म्हणजे थर्मोस्टॅट. समजा, खोली १३.५ अंशांवर आली की यंत्र थांबावे आणि १४.५ अंशांवर गेली की सुरू व्हावे, अशी योजना केली. मधले अंतर १ अंशाचे. एखादा हुशार विद्यार्थी विचारील, हे अंतर अगदी थोडे का ठेवू नये? मग तापमान जवळजवळ स्थिरच राहील!

प्रश्न चांगला आहे. पण तसे केले, तर संपीडक मिनिटामिनिटाला सुरू होईल व थांबेल. यंत्रालाही माणसासारखी विश्रांती हवी, असे लोक म्हणतात. मला ही उपमा पटत नाही. यंत्र चालण्याने फारसे दमत नाही, त्याला जड जाते ते सुरू होणे. सुरुवातीच्या क्षणी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट वीजप्रवाह ओढते. प्रत्येक आरंभी संपीडकातील थोडे वंगणतेल वाफेबरोबर नळ्यांत निघून जाते आणि ते परत यायला काही वेळ यंत्र चालावे लागते. वारंवार उठबस झाली, की मोटार तापते आणि दांडे कोरडे घासू लागतात.

थांबविण्याची रीतही साधी नाही. यंत्र एकदम बंद केले, तर खोलीतील नळ्यांत द्रव साचून राहतो. पुढच्या आरंभी तो थेट संपीडकात शिरतो. वाफ दाबता येते, द्रव दाबता येत नाही. त्या धक्क्याने संपीडकाच्या झडपा फुटतात. म्हणून पुष्कळ शीतगृहांत थर्मोस्टॅट संपीडकाला हातच लावीत नाही. तो द्रवाच्या वाटेवरील विजेची झडप तेवढी मिटतो. संपीडक चालतच राहतो आणि नळ्यांतील उरलेला द्रव वाफेच्या रूपाने ओढून घेतो. नळ्या रित्या झाल्या की तेथील दाब उतरतो, आणि दाब पाहणारी दुसरी कळ यंत्र बंद करते. खोली तापली की याच्या उलट: झडप उघडते, द्रव आत येऊन उकळतो, दाब चढतो, संपीडक सुरू होतो. विहिरीची मोट थांबविण्याआधी दांडातील पाणी वाफ्यापर्यंत पोहोचू देणाऱ्या शेतकऱ्याचेच हे शहाणपण. बाहेरच्या बाजूचा दाब भलताच वाढला, तर यंत्र तोडणारी आणखी एक कळ असते.

बागेतून नुकताच आलेला माल उन्हाने तापलेला असतो, तेव्हा काम फार. दोन दिवसांनी तेच काम थोडे. म्हणून एका प्रचंड यंत्राऐवजी तीन-चार लहान संपीडक ठेवतात व गरजेप्रमाणे एकेक जोडतात. अलीकडे मोटारीचा वेगच कमी-अधिक करण्याची सोयही झाली आहे. या यंत्रांची शक्ती टनात मोजतात, याचे तुम्हांस नवल वाटेल. एक अमेरिकी टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढणारे यंत्र एक टनाचे. हे माप बर्फाच्या व्यापाराच्या काळाची आठवण आहे. १८३४ साली अमेरिकेतील तळ्यांवरचा बर्फ जहाजात भरून मुंबईस आला होता!

आता भारनियमनाचे पाहू. वीज गेली, तर चालक प्रथम दार घट्ट मिटलेले आहे ना, हे पाहतो. जाड, उष्णतारोधक भिंतींमुळे खोली काही काळ गार राहते. खरी परीक्षा वीज परतते तेव्हा असते. त्या क्षणी गावभरचे पंप व पंखे एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब पडलेला असतो. अशा क्षीण विजेवर मोटार उठू शकत नाही. ती नुसती घुरघुरते आणि तिची गुंडाळी जळते. म्हणून यंत्राला वेळ लावणारे उपकरण जोडलेले असते. ते सुमारे तीन मिनिटे थांबते, विजेचा दाब पुरेसा असल्याची खात्री करून घेते, पहिला संपीडक सुरू करते, आणि तो नीट लागल्यावरच दुसऱ्यास सोडते.