कपाटामागचे कर्जत

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनातील हस्तकला प्रदर्शनात मी माझ्या घरच्या छोट्या आगगाडीची सहा छायाचित्रे मांडली होती. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकच विचारले, "हे खेळणे केवढ्याला पडले?" भूगोलाच्या सरांचा प्रश्न मात्र वेगळा होता. ते म्हणाले, "या गाडीला जायचे कुठे आहे?" वार्षिकाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा त्या प्रश्नाचेच उत्तर सविस्तर लिहावे असे ठरवले. कोणा वाचकाच्या मनात घरी असे काही उभारायचे असेल, तर निदान माझ्या चुका त्याने पुन्हा करू नयेत, हाही एक हेतू आहे.

खरे तर या छंदाची उमेदवारी आपल्याकडे बहुतेक मुलांनी केलेलीच असते. दिवाळीत किल्ला करताना गोणपाट चिखलात बुडवून डोंगर कसा उठवायचा, अळीव पेरून रान कसे करायचे, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. उणीव असते ती रुळांची. युरोपात ती शंभर वर्षांपूर्वीच भरून निघाली. जर्मनीतील मार्क्लिन कारखान्याने १८९१ साली लायपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीचे रूळ आणि त्यांवर चालणाऱ्या गाड्या मांडल्या. इंग्लंडात फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या १९२० पासून निघू लागल्या. रुंदी ठरलेली असली की आज घेतलेल्या रुळाला पाच वर्षांनी घेतलेला रूळ जुळतो. खेळण्याचा छंद होतो तो या जुळण्यामुळे.

आज सर्वाधिक प्रचारात असलेले प्रमाण एचओ नावाने ओळखले जाते. त्यात मूळ वस्तूच्या एक फुटाला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे १:८७ हे गुणोत्तर असते आणि दोन रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर. हे अंतर परदेशातील ४ फूट साडेआठ इंची मार्गावरून काढलेले आहे. आपला ब्रॉडगेज ५ फूट ६ इंचांचा, म्हणून १:८७ ला तो एकोणीस मिलिमीटरांहून थोडा अधिक व्हायला हवा. तसे रूळ तयार मिळत नाहीत. तेव्हा माझ्या घाटातली गाडी पावणेतीन मिलिमीटरांचे असत्य पायाखाली घेऊन धावते, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

माझी पहिली मांडणी सहा बाय चार फुटांच्या प्लायवुडवर होती. जुन्या वस्तूंच्या बाजारात एक जर्मन बनावटीचे छोटे एंजिन, दोन डबे आणि रुळांचे वर्तुळ मिळाले होते. गाडी गोल फिरू लागली. पहिल्या दिवशी शेजारची मुले जमली, चौथ्या दिवशी ताईसुद्धा पाहीनाशी झाली आणि आठव्या दिवशी मीच कंटाळलो. शिवाय एचओच्या डब्यांना निदान अठरा इंच त्रिज्येचे वळण लागते, म्हणजे पूर्ण वर्तुळाला जवळजवळ मीटरभर रुंद फळी हवी. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती दिवसा खाटेवर आणि रात्री खाटेखाली असे. भूगोलाच्या सरांचा प्रश्न तेव्हा कोणी विचारला असता तर मला खाली मान घालावी लागली असती. त्या गाडीला कुठेच जायचे नव्हते.

मग भोर घाट आठवला. मुंबई-पुणे लोहमार्गाच्या या टप्प्याचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पुरे झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १८३१ फूट चढण, सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांना एक फूट, आणि पंचवीस बोगदे. जेम्स बर्कली हे मुख्य अभियंता. १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इथे येऊन थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवून काम तडीस नेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला एवढेही पुरे आहे. पण माझ्या कामाची गोष्ट निराळी होती. खंडाळ्याखाली कड्याच्या अंगाला मार्ग वळवायला जागा नव्हती, तेव्हा तिथे गाडी उलटवण्याचे स्थानक केले गेले. गाडी खालून येई, सपाट जागेवर थांबे, एंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी आल्या दिशेने, पण वरच्या मार्गाने, निघून जाई. १९२९ साली विद्युतीकरणाच्या वेळी मार्ग बदलला आणि हे रिव्हर्सिंग स्थानक इतिहासजमा झाले. माझे वडील रेल्वेत नोकरीला. मी शाळेत असताना घाटात पायी हिंडताना त्यांनी त्या जुन्या मार्गाच्या खुणा मला दाखवल्या होत्या.

जागेच्या टंचाईवर कड्याने जो उपाय करायला लावला, तोच आमच्या भिंतीला लागू पडत होता! वळणच नको. एक लांब अरुंद फळी पुरे.

हिशेब मांडला तेव्हा पहिला धडा मिळाला. संपूर्ण घाट १:८७ ने करायचा तर सुमारे २९० मीटर लांबी आणि साडेसहा मीटरांच्या आसपास उंची लागेल. आमच्या भिंतीची मोकळी लांबी दहा फूट, म्हणजे ३०५ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ सगळेच गाळायचे. काय ठेवायचे हे ठरवण्यात माझा एक महिना गेला, आणि आजही मला वाटते की साऱ्या कामात विचाराचा भाग तेवढाच होता, बाकी सुतारकी. बोगदे पंचवीसांचा एक केला. पूल सगळे गेले. स्थानक आणि चढ राहिला. घाट बांधताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे तिथे राबत होती. १:८७ ला माणूस दोन सेंटीमीटरांहून थोडा कमीच भरतो. माझ्या फळीवर अशी अकरा माणसे आहेत, त्यांतले एक पाणक्याचे. लहान करताना प्रथम माणसे गळतात, हे मला पुस्तकांपेक्षा त्या फळीने अधिक स्पष्ट दाखवले.

आराखडा असा होता : डाव्या हाताला लोखंडी कपाट. त्याच्या मागे खालच्या फळीवर कर्जत, आणि त्याच्याच डोक्यावर दुसऱ्या फळीवर खंडाळा. गाडी कर्जतहून निघून कपाटामागून बाहेर येते, २१५ सेंटीमीटर चढते, उजव्या टोकाच्या ९० सेंटीमीटर सपाट जागेवर थांबते, एंजिन मागच्या बाजूला लागते आणि गाडी उलट दिशेने आणखी २१५ सेंटीमीटर चढून कपाटामागे खंडाळ्यात नाहीशी होते. चढ मूळचाच, ३७ ला १. तो मोजण्यासाठी एक साधी युक्ती केली. ३७ सेंटीमीटर लांबीच्या पट्टीच्या एका टोकाखाली एक सेंटीमीटर जाडीचा ठोकळा चिकटवला आणि वर पाणसळ ठेवली. ठोकळ्याचे टोक उताराच्या बाजूला धरायचे. बुडबुडा मध्ये आला की चढ बरोबर. चढ जिथे सुरू होतो तिथे मात्र एकदम कोन करू नये. मी केला, आणि डबे तिथे हटकून सुटत. सपाटीवरून चढावर जाताना हातभर अंतरात हळूहळू उचल द्यावी.

तीन महिन्यांनी पहिली गाडी रिव्हर्सिंगला पोहोचली. एंजिन सुटे केले, पुढे घेतले, आणि ते अडकले. शेवटच्या सांध्यापुढे रूळ उरला होता नऊ सेंटीमीटर आणि एंजिनाची लांबी तेरा. सांधा ओलांडल्याशिवाय बाजूच्या रुळावर येता येईना. डबे मी मोजले होते, सांधे मोजले होते, एंजिन मोजायचे राहिले होते.

इथे बाबांविषयी लिहायला हवे. ते सांधेवाले म्हणून नोकरीला लागले आणि पुढे बरीच वर्षे केबिनमध्ये होते. निवृत्तीला तीन वर्षे असताना त्यांच्या कानांनी दगा दिला. वैद्यकीय तपासणीत ते उघड झाले आणि त्यांना केबिनमधून काढून कचेरीत बसवण्यात आले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. घंटा ऐकू न येणाऱ्या माणसाच्या हाती सांधे देता येत नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी घरात गाडीचा विषय काढला नव्हता. माझ्या फळीकडेही ते पाहत नसत. त्या संध्याकाळी ते चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी घेतलीस, पण सुटणार कशी?"

मी म्हटले, "चार सेंटीमीटर वाढवतो, बाबा."

"चाराने काय होतंय? एंजिन थेट खांबाला टेकवून उभं करणार आहेस का? चालवणाऱ्याची चूक व्हायला जागा ठेवावी लागते."

दुसऱ्या दिवशी रूळ उखडले. स्थानक ९० चे १३० सेंटीमीटर केले, दोन्ही चढ २१५ चे १७५ झाले, आणि खंडाळा कर्जतच्या वर साडेअकराऐवजी साडेनऊ सेंटीमीटर राहिला. परिणामी मधल्या जागेत आता माझा हात शिरत नाही. कपाटामागे डबा घसरला तर आईची सांडशी मागावी लागते.

डोंगराविषयी थोडक्यात. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, तिच्यावर खळीत बुडवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, वर प्लास्टर. खळीत बुकबाइंडर टाकतात तसे मोरचूद टाकावे. मी टाकले नव्हते, आणि पहिल्या पावसाळ्यात झुरळांनी दक्षिणेकडचा कडा खाल्ला. रुळांखालची खडी म्हणून मी क्रशरवरची काळ्या दगडाची भुकटी चाळून वापरली. रंग अगदी घाटाचा आला. ती पसरून वर पाण्यात कालवलेला फेव्हिकॉल थेंबाथेंबाने सोडायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे म्हणजे तो भुकटीवर न थबकता आत मुरतो. पण आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. ते एंजिनाच्या मोटारीतल्या चुंबकाकडे ओढले जातात आणि मोटार खरखरू लागते. म्हणून भुकटी वापरण्याआधी तिच्यातून कागदात गुंडाळलेले चुंबक चार वेळा फिरवावे. चुंबकाला आलेली दाढी पाहिल्यावर हा सल्ला कोणालाही पटेल.

विजेचे प्रकरण मात्र घाईने सांगण्यासारखे नाही. जुन्या पद्धतीत दोन रुळांना बारा व्होल्टपर्यंत एकदिश वीज देतात; वीज कमीजास्त केली की वेग बदलतो, धन-ऋण बदलले की दिशा बदलते. यात अडचण अशी की एका रुळावरची सगळी एंजिने एकदम हलतात. एकाला थांबवायचे तर तेवढा रूळ कापून वेगळा करावा लागतो आणि त्याला वेगळे बटण द्यावे लागते. माझ्या स्थानकात अशी सात बटणे झाली होती. घाटात गाडीला मागून रेटणारे एंजिन लावतात. ते मलाही लावायचे होते, पण माझी दोन एंजिने एकाच विजेवर कधी एका वेगाने चालली नाहीत. मागचे जोर करी आणि मधला डबा रुळावरून उठे.

म्हणून डीसीसी पद्धतीकडे वळलो. यात रुळांत वीज सदैव पूर्ण असते आणि तिच्यातूनच संदेश जातात. प्रत्येक एंजिनात एक छोटा डीकोडर बसवलेला असतो, तो आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा पाळतो. जुन्या एंजिनात तो बसवताना मोटारीची दोन्ही टोके सांगाड्यापासून पूर्ण अलग आहेत ना, हे आधी तपासावे. माझ्या एंजिनात एक टोक सांगाड्याला टेकलेले होते. निळसर धूर आला आणि दोन महिन्यांची शिकवणीची कमाई गेली. दुसऱ्या वेळी नीट बसले. दोन्ही एंजिने रुळावर ठेवली, एकाला चालायला सांगितले, तर दोन्ही निघाली! नव्या डीकोडरचा क्रमांक कारखान्यातूनच ३ असतो. दोघांचेही नाव एकच, मग हाकेला दोघे ओ देणारच. एकाचा क्रमांक बदलला आणि दोघांचे वेग जुळवले. आता पुढचे ओढते, मागचे रेटते, आणि रिव्हर्सिंगला आल्यावर मागचेच पुढचे होते.

आणखी एक. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार झाळावी. फिशप्लेटच्या भरवशावर राहिल्यास पावसाळ्यात प्लाय फुगते, सांध्यात फट पडते आणि गाडी नेमकी बोगद्यात उभी राहते.

गाडी चालू लागली तरी ती चालवायची कशी, यावर बाबांचा आणि माझा वाद झाला. मला ती पाहुण्यांना धावताना दाखवायची असे. बाबांचे म्हणणे, पुढची जागा मोकळी असल्याचा निरोप आल्याशिवाय गाडी हलता कामा नये. वेगाविषयीही ते हटून बसले. ताशी २४ किलोमीटर धरले तर १:८७ ला सेकंदाला आठ सेंटीमीटरही भरत नाहीत, म्हणजे १७५ सेंटीमीटरांच्या चढाला पुरे बावीस-तेवीस सेकंद. पाहुण्यांना ते फार वाटतात. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन या छांदिष्टाने तळघरात उभारलेली रेल्वे वेळापत्रकाने चालत असे, हे मी वाचले होते. १९७३ साली त्याच्या मृत्यूनंतर दहाच दिवसांत ती आगीत नष्ट झाली. तिची छायाचित्रे पाहताना मला नेहमी डोंगर दिसत. बाबांनी ती पाहिली आणि प्रथम सिग्नल कुठे आहेत ते शोधले.

शेवटी बाबांचे ऐकले. कर्जत-खंडाळा मी सांभाळतो, रिव्हर्सिंग बाबा. दहा मिनिटांचा एक तास धरतो. प्रथम दोन्ही ठिकाणी सायकलच्या घंटा लावल्या होत्या. पहिल्या संध्याकाळी मी तीनदा घंटा दिली, उत्तर आले नाही. बाबा सांध्यावर बोट ठेवून माझ्याकडे न पाहता वाट बघत बसले होते. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी घंटेच्या तारेला पिवळा दिवा जोडला. एक उघडझाप म्हणजे लक्ष द्या, दोन म्हणजे गाडी घेता का, आणि तसेच उत्तर. दिवा पाहून बाबा एवढेच म्हणाले, "जरा उजवीकडे लाव, चष्म्याच्या काडीआड जातो."

रोज रात्री जेवणानंतर चार गाड्या वर आणि चार खाली होतात. बाबांनी जुन्या वहीत नोंदी ठेवायला सुरुवात केली आहे. मागच्या महिन्यात माझ्या नावावर उशिराच्या अकरा नोंदी आहेत, त्यांतल्या दोन मला मान्य नाहीत.

घाटात उतारावर गाडी आवरली नाही तर तिला चढावर घेऊन थांबवणारा एक आडफाटा असतो, त्याला कॅच सायडिंग म्हणतात. आमच्या खालच्या उतारावर तो नाही, आणि तो झाल्याखेरीज मालगाडी सोडणार नाही असे रिव्हर्सिंगकडून कळवण्यात आले आहे. त्याला चाळीस सेंटीमीटर जागा लागते. ती आईच्या शिवणयंत्राच्या बाजूलाच आहे. बोलणी चालू आहेत.