सबुरीचं सिमेंट

'पर्यावरणपूरक बांधकाम' म्हटलं की डोळ्यांसमोर बांबूचं घर येतं, नाहीतर गच्चीवरचं सोलर पॅनेल. पण आपल्या आजूबाजूला जे काही उभं राहतंय ते बहुतेक सगळं काँक्रीटचं आहे, आणि खरा प्रश्न तिथेच आहे. माणसामुळे हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटमुळे जातो. का, ते आधी बघू.

चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजतात. त्यातून जे काळपट गोळे निघतात ते क्लिंकर. थोडं जिप्सम घालून ते दळलं की झालं सिमेंट! भट्टीला कोळसा लागतो हे कुणीही सांगेल. पण निम्म्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड कोळशातून नाही, चुनखडीतून निघतो. अकरावीची केमिस्ट्री आठवा. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो वायू उडून जातो. म्हणजे भट्टी उद्या सोलरवर चालवली तरी हा वायू निघणारच. मग सोपा उपाय कुठला? क्लिंकर कमी वापरायचा आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी घालायचं.

हे दुसरं काहीतरी म्हणजे आधी राख. चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ इथल्या औष्णिक वीज केंद्रांतून निघणारी फ्लाय अ‍ॅश. सिमेंटला पाणी लागलं की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. एक कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, जो खरा चिकटवणारा. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, जो ताकदीच्या दृष्टीने जवळजवळ रिकामटेकडा! राखेतली सिलिका या रिकामटेकड्याला पकडते आणि त्याच्यापासूनही चिकटवणारा पदार्थ बनवते. म्हणूनच भारतीय मानकाप्रमाणे पीपीसी सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश चालते.

मी पडले इंग्लिश मीडियमची, त्यामुळे 'सुरखी' हा शब्द मला कॉलेजात आल्यावर कळला. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी. आपले जुने गवंडी ती चुन्यात मिसळायचे. ट्रेकला जाणाऱ्यांनी गडावर चुन्याचा घाणा पाहिलाच असेल, गोल चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. बैल जुंपून त्यात चुना मळायचे. सुरखीचं आणि राखेचं केमिस्ट्रीतलं काम एकच!

आणि गंमत म्हणजे आजचं संशोधन पुन्हा मातीकडेच वळलंय. कारण राख कोळशावर अवलंबून आहे. ब्रिटनने आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केलं. कोळसा थांबला की राखही थांबणार. म्हणून स्वित्झर्लंडमधल्या प्रा. कॅरेन स्क्रिव्हनर, क्यूबातले संशोधक आणि आपल्याकडच्या दिल्ली व मद्रास आयआयटी यांनी मिळून 'एलसी-थ्री' सिमेंटवर काम केलं. त्यात साधारण ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असतं. ही माती ७०० ते ८५० अंशांनाच भाजते, आणि तिच्यातून निघते ती फक्त पाण्याची वाफ! कार्बन डायऑक्साइड ३० ते ४० टक्क्यांनी कमी होतो. २०२३ मध्ये या सिमेंटसाठी भारतीय मानकही आलं.

इथपर्यंत वाचून वाटेल, चला, प्रश्न सुटला. पण खरी परीक्षा साइटवर असते. आमच्या बॅचने लॅबमध्ये साध्या सिमेंटचे आणि पीपीसीचे क्यूब टाकले. ७ दिवसांनी पीपीसी मागे होतं, २८ दिवसांनी त्याने बरंचसं अंतर कापलं. पीपीसीचे काही क्यूब मात्र आम्ही मुद्दाम पाण्यात न ठेवता कोरडेच ठेवले होते. ते शेवटपर्यंत मागेच राहिले. कारण राखेची रिअ‍ॅक्शन सावकाश चालते आणि तिला पाणी लागतं. पाणी संपलं की काम बंद! एलसी-थ्री या बाबतीत राखेपेक्षा चपळ आहे, पण पाणी त्यालाही हवंच.

आयएस ४५६ सांगतं, साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारा, मिश्र सिमेंटला किमान १०, आणि शक्यतो १४. प्रत्यक्षात काय दिसतं? चार दिवस पाइप फिरतो, मग टँकर येत नाही, पाणी मारणारा दुसऱ्या कामावर जातो आणि सेंट्रिंग काढायची घाई सुरू होते. असा स्लॅब लवकर झिरपायला लागतो, आतलं स्टील गंजतं, दुरुस्तीला पुन्हा सिमेंट लागतं. मग वाचवलेला कार्बन गेला कुठे?

म्हणून मला वाटतं, नवीन मटेरियलचा शोध जितका महत्त्वाचा, तितकाच स्लॅबवर आळी करून पाणी साठवणारा आणि कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळणारा माणूस महत्त्वाचा. त्याची १४ दिवसांची मजुरी एस्टिमेटमध्ये धरा, पाण्याची सोय आधी करा. उद्या साइट इंजिनिअर म्हणून आपणच तिथे उभे असणार आहोत. कुणी 'आता बास झालं पाणी' म्हणालं, तर तारीख मोजून 'अजून चार दिवस' म्हणायची हिंमत तेवढी आपल्यात हवी!