फोटो मालासारखाच दिसावा
मोबाइलवर फोटो सुधारण्याचे पहिले धडे

आम्हा मस्तगडच्या कापडवाल्यांकडे बाहेरगावचे गिऱ्हाईक आता नमुन्याच्या तुकड्याऐवजी मोबाइलवर फोटो मागते. फोटोवरून रंग पसंत होतो आणि हाती आलेला रंग वेगळा निघाला की माल परत येतो. दोन्हीकडचे भाडे अंगावर पडते, शिवाय साख जाते. म्हणून फोटो सुधारणे, म्हणजेच एडिटिंग, शिकून घेणे जरुरीचे आहे.

हे काम नवे नाही. जुन्या स्टुडिओंत काचेच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने डाग झाकले जात. १९९० साली अ‍ॅडोबी कंपनीचे फोटोशॉप आले आणि तेच काम संगणकावर होऊ लागले. आज स्नॅपसीडसारखे फुकट अ‍ॅप नवशिक्यास पुरेसे आहे.

निम्मी सुधारणा फोटो काढतानाच होते. कापड दाराशी, सावलीच्या उजेडात पसरावे. पिवळ्या बल्बचा उजेड सुमारे २७०० केल्विनचा, तर दिवसाचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो. दोन्ही मिसळले तर कापड एकीकडे पिवळे व दुसरीकडे निळसर येते. हा दोष पुढे नीट निघत नाही. म्हणून आतले दिवे व फ्लॅश बंद ठेवावेत. कापडाशेजारी एक पांढरा कागद ठेवावा.

आता एडिटिंगचा क्रम पाहू.

पहिले, मूळ फोटो राखून त्याच्या प्रतीवर काम करावे. मोबाइलच्या पडद्याचा रात्रीचा पिवळा मोड बंद करावा, नाहीतर रंगाचा अंदाज चुकतो.

दुसरे, फोटो सरळ करून कडेचा पसारा कापावा; पण कागद आत राहू द्यावा.

तिसरे, ‘व्हाइट बॅलन्स’मध्ये जाऊन ड्रॉपर कागदावर टेकवावा. कागद पांढरा झाला की कापडाचा रंगही पुष्कळसा जागेवर येतो. मग कागद कापून टाकावा.

चौथे, उजेड थोडा कमी-जास्त करावा. ‘सॅच्युरेशन’ला हात लावू नये. ते वाढवले की लाल रंग भडकतो आणि पोत दिसेनासा होतो.

पाचवे, मूळ कापड दाराशी धरून फोटोशी ताडून पाहावे. दोन्ही जुळले की थांबावे.

धूपछाँव कापडाची गोष्ट वेगळी. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. पैठणीतही ही छटा असते. अशा मालाचे दोन बाजूंनी दोन फोटो पाठवावेत.

एक फरक मात्र पक्का ध्यानात ठेवावा. ‘हीलिंग’ने फोटोतली धूळ पुसली तर ती सफाई झाली, विणीतला तुटका धागा पुसला तर तो मालाचा ऐब लपवणे झाले. बोट तेच, अ‍ॅपही तेच, पण दुसरे काम फसवणुकीचे आहे. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसारही विक्रेत्याची जाहिरात मालाच्या खऱ्या गुणांशी जुळती असावी लागते. दोष असेल तर त्याचा जवळून फोटो काढावा आणि भाव त्याप्रमाणे सांगावा.

आजच एक तागा घेऊन हे पाच टप्पे करून पाहावेत. घरच्या कोणाला आधी फोटो व मग कापड दाखवावे. त्याने “हेच ते” म्हटले, तर तो फोटो गिऱ्हाइकाला पाठवण्यास हरकत नाही.